नळी जड म्हणजे नेम पक्का? रायफलीच्या वजनाचं पुढचं-मागचं गणित

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात 451.4 गुण घेऊन कांस्यपदक मिळवलं. त्याआधी 2010 साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद पटकावलं होतं. अशा यशामुळं नेमबाजी हा खेळ आता गावोगावच्या पालकांच्या बोलण्यात आला आहे. ऊसबिल आलं की मुलीला रायफल घ्यायची, असं ठरवणारी घरंही आहेत.

रायफल घरात आली किंवा क्लबची हातात मिळाली की थोड्याच दिवसांत एक प्रश्न हमखास येतो. नळीला वजन लावायचं का? लावायचं तर किती, आणि कुठं?

कुणी सांगतं, जड नळी म्हणजे पक्का नेम. कुणी म्हणतं, पोरगं अजून लहान आहे, हलकीच बरी. दोघांच्याही बोलण्यात थोडं खरं आहे, पण निर्णय घ्यायला तेवढं पुरत नाही. चुकीचं वजन लावलं तर गुण जातात, कधी पाठ दुखावते आणि स्पर्धेत वजनाची मर्यादा ओलांडली तर सगळी मेहनत वाया जाते. म्हणून हे गणित नीट समजून घ्यायला हवं.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

'जड नळी' या एका शब्दात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात.

पहिली गोष्ट म्हणजे नळीची स्वतःची जाडी. दारूच्या रायफलीत गोळी सुटताना नळी थरथरते, आणि एकामागून एक बार काढले की तापतेही. जाड नळी कमी थरथरते आणि हळू तापते. हा फरक मोठा असतो. नळीची जाडी फक्त दहा टक्क्यांनी वाढली तर तिचा ताठपणा साधारण पंचेचाळीस टक्क्यांनी वाढतो, कारण ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. 'जड नळी, पक्का नेम' ही जुनी समजूत इथूनच आली.

दुसरी गोष्ट म्हणजे नळीवर वरून चढवलेली वजनं. ही पोलादाची किंवा पितळेची कडी किंवा ठोकळे असतात. बाजारात 25, 50, 100 ग्रॅम अशा मापात मिळतात. ती नळीवर किंवा नळीवरच्या बाहेरच्या पाईपवर घट्ट बसवायची आणि हवी तशी पुढं-मागं सरकवायची. यांचं काम प्रामुख्यानं नेमबाजाच्या हातात रायफल कशी थांबते, हे बदलण्याचं आहे.

आपल्याकडची बहुतेक मुलं 10 मीटर एअर रायफलनं सुरुवात करतात. त्यात दारू नाही, त्यामुळं नळी तापण्याचा प्रश्नच नाही. साध्या भाषेत ती छऱ्याची बंदूक, पण जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीशी तिची तुलना करू नये. चांगल्या मॅच एअर रायफलीला शिकंजात घट्ट आवळून त्याच जातीचे छरे मारले तर दहा मीटरवर ते जवळजवळ एकाच भोकातून जातात. म्हणजे रायफल आपलं काम करतेच आहे. गुण जातात ते रायफल माणसाच्या खांद्यावर आल्यावर. म्हणून एअर रायफलीत नळीच्या वजनाचा प्रश्न हा मुख्यतः तोल धरण्याचा प्रश्न आहे.

किती बारीक हालचालीला गुण जातो?

एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त 0.5 मिलिमीटरचा असतो. छरा 4.5 मिलिमीटरचा. एका रिंगणापासून पुढच्या रिंगणापर्यंतचं अंतर 2.5 मिलिमीटर. डोळ्याजवळची साईट आणि नळीच्या टोकाची माशी यांत साधारण 80 सेंटिमीटर अंतर धरलं, तर मागची बाजू स्थिर राहून माशी फक्त 0.2 मिलिमीटर हलली तरी दहा मीटरवर एक पूर्ण गुण जातो. दोन-तीन कागद एकावर एक ठेवले की जेवढी जाडी होते, तेवढीच ही हालचाल.

माणसाचं शरीर एवढं स्थिर कधीच नसतं. श्वास असतो, छातीचे ठोके असतात, पायाचे स्नायू सारखे तोल सावरत असतात. नळीवरचं वजन ही हालचाल बंद करत नाही. ते हालचालीचा स्वभाव बदलतं. हलक्या रायफलीची माशी भरभर आणि तुटक हलते. जड रायफलीची हळू आणि लांब हलते. हळू हालचालीत चाप दाबायची वेळ साधायला सोपी जाते, हा वजनाचा खरा फायदा.

बैलगाडीचा तोल आठवा

उसाची गाडी भरताना माल मागं जास्त झाला तर गाडी उलाळते, जू वर उचलतं. पुढं जास्त झाला तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. एकूण माल तेवढाच असतो, फरक पडतो तो कुठं ठेवला यानं. रायफलीचंही तसंच आहे.

उभं राहून नेम धरताना डावा हात (उजव्या हाताच्या नेमबाजाचा) रायफलीच्या खाली टेकू देतो. हा टेकू म्हणजे गाडीचा आस समजा. त्याच्या पुढं 30 सेंटिमीटरवर 100 ग्रॅम वजन लावलं तर हातावर जो ओढा येतो, तेच वजन 60 सेंटिमीटरवर नेलं की तो दुप्पट होतो. पण रायफल वळवायला लागणारा जोर, म्हणजे तिचा 'आळस', दुप्पट न होता चौपट होतो. कारण तो अंतराच्या वर्गानं वाढतो.

यातून एक कामाची गोष्ट निघते. रायफल स्थिर वाटावी म्हणून नेहमी जास्त वजनच लागतं असं नाही. थोडं वजन टोकाकडं सरकवलं तरी बराच फरक पडतो. त्याच वेळी हाताला आणि कमरेला जास्त ओढा सोसावा लागतो. आंबे काढायच्या लांब काठीच्या टोकाला झेला लावला आणि त्यात दोन आंबे पडले की काठी किती जड वाटते, हे घरातल्या पोरांनाही माहीत असतं.

पुढं जास्त, मागं जास्त: लक्षणं ओळखा

रायफल पुढं फार जड झाली की सुरुवातीचे दहा-वीस शॉट छान पडतात. मग खांदा आणि पाठ थकते, नळी खाली ओढली जाते आणि शेवटच्या शॉटमध्ये छरे खाली जायला लागतात. नेम धरून ठेवायचा वेळही वाढतो. आठ-दहा सेकंदांच्या पुढं श्वास रोखून ताणत राहिलं की डोळ्यांपुढचं चित्र धूसर होतं आणि चाप घाईनं दाबला जातो.

पुढून फार हलकी असेल तर माशी सतत तुडतुडत राहते. छातीचा प्रत्येक ठोका टार्गेटवर दिसतो. चाप जरा वाकडा दाबला गेला तरी नळी लगेच उडते, आणि शॉट डावीकडं-उजवीकडं विखुरतात.

मागं फार जड असेल तर दस्ता खांद्यावरून खाली बसतो, नळी वर तरंगल्यासारखी वाटते आणि प्रत्येक वेळी ती दाबून खाली आणावी लागते. असं दाबून धरलेलं शरीर शॉट सुटताना ढिलं पडतं, आणि छरा वर जातो.

यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणून लगेच वजनाला दोष देऊ नये. पायांची जागा चुकली, दस्त्याची लांबी मोठी पडली किंवा गाल टेकायची पट्टी उंच असली तरी अशीच लक्षणं दिसतात. म्हणून आधी उभं राहणं नीट, मग दस्ता अंगाप्रमाणं, आणि सगळ्यात शेवटी वजन. हा क्रम उलटा केला की महिनोन्‌महिने चुकीच्या जागी दुरुस्ती चालू राहते.

नियम काय सांगतो?

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांप्रमाणं 10 मीटर एअर रायफलचं वजन साईट आणि सगळ्या जोडणीसह 5.5 किलोच्या पुढं जाता कामा नये. यंत्रणेच्या मागच्या टोकापासून दिसणाऱ्या नळीच्या टोकापर्यंतची लांबी 850 मिलिमीटरपर्यंतच चालते. नळीवरची वजनं नळीच्या मध्यापासून 30 मिलिमीटरच्या आत बसली पाहिजेत, त्याबाहेर फुगलेली चालत नाहीत. पुरुषांच्या 50 मीटर रायफलला 8 किलोपर्यंत मुभा आहे.

बऱ्याच मॅच एअर रायफली मुळातच 4 ते 5 किलोच्या दरम्यान असतात. म्हणजे हाताशी मोकळं वजन फार थोडं उरतं. घरच्या काट्यावर बरोबर 5.5 किलो भरली म्हणून निर्धास्त राहू नये. स्पर्धेचा काटा आणि आपला काटा यांत थोडा फरक असू शकतो. 40-50 ग्रॅम हातचे राखून ठेवणं शहाणपणाचं. सामना झाल्यावरही तपासणी होऊ शकते, आणि तेव्हा रायफल जास्त भरली तर चांगले गुण पडूनही खेळाडू बाद होतो.

शालेय स्पर्धांत ओपन साईट आणि पीप साईट असे वेगळे प्रकार असतात. तिथं कोणती जोडणी चालते, हे त्या स्पर्धेच्या पत्रकात पाहूनच वजन लावावं.

झोपून, गुडघ्यावर आणि उभं राहून

तिन्ही पोझिशनला वजनाचा हिशेब वेगळा पडतो. झोपून मारताना दोन्ही कोपरं जमिनीवर टेकलेली असतात आणि पट्टा हाताला आवळलेला असतो. रायफलीचा भार हाडं आणि पट्टा उचलतात, स्नायूंना फार काम नसतं. गुडघ्यावर बसूनही पट्टा असतो. उभं राहिल्यावर पट्टा वापरता येत नाही. कोपर कमरेच्या हाडाजवळ टेकवून, पाठ थोडी मागं झुकवून सगळा भार अंगावर घ्यावा लागतो.

म्हणून वजनाची खरी परीक्षा उभ्या पोझिशनमध्ये होते. पॅरिसच्या अंतिम फेरीत कुसाळे पहिल्या दोन पोझिशननंतर पदकाच्या जागेबाहेर होते. उभ्या पोझिशनमध्ये टिकून राहून ते वर आले. एअर रायफलचा तर संपूर्ण सामनाच उभं राहून असतो.

पाच क्विंटलचा हिशेब

एअर रायफलच्या पात्रता फेरीत 60 शॉट असतात आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर त्यासाठी 75 मिनिटं मिळतात. त्याआधी सरावाचे शॉट. मध्ये नेम जमला नाही म्हणून रायफल खाली घेतली जाते, ते वेगळं. सगळं धरलं तर शंभराच्या आसपास वेळा रायफल उचलली जाते. पाच किलोची रायफल शंभर वेळा म्हणजे पाच क्विंटल. सव्वा-दीड तासात, तेही एकाच बाजूला वाकून.

35 किलोच्या मुलीला पाच किलोची रायफल म्हणजे तिच्या वजनाचा सातवा हिस्सा. 70 किलोच्या माणसानं दहा किलोची रायफल धरल्यासारखंच ते. मोठ्या खेळाडूची जोडणी बघून तेवढंच वजन वाढत्या वयाच्या मुलांना लावणं म्हणूनच धोक्याचं आहे. उभ्या पोझिशनमध्ये पाठीचा कणा वाकलेला आणि पिळलेला असतो. पोटाचे आणि पाठीचे स्नायू तयार नसताना जास्त भार दिला तर कंबरदुखी मागं लागते, आणि चांगली खेळाडू दोन वर्षांत खेळ सोडते.

लहान मुलांसाठी हलकी रायफल, छोटा दस्ता आणि वजन अजिबात नाही, इथून सुरुवात करावी. एकाच रायफलवर चार मुलं सराव करत असतील तर प्रत्येकाची जोडणी वहीत लिहून ठेवावी: वजन किती, नळीच्या टोकापासून किती सेंटिमीटरवर, दस्त्याची लांबी किती. सगळ्यांना एकच जोडणी ठेवली तर ती कुणालाच धड बसत नाही.

स्प्रिंगच्या रायफलचं वेगळं

गावाकडच्या बऱ्याच क्लबात नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या रायफली असतात. यात चाप ओढला की आतला दट्ट्या जोरात पुढं जातो, हवा दाबतो आणि छरा नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफलीला धक्का बसतो. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या मॅच रायफलीत हा धक्का जवळजवळ नसतो. त्यामुळं स्प्रिंगच्या रायफलीत थोडं जास्तीचं वजन धक्का कमी करायलाही मदत करतं. पण अशी रायफल मुठीत आवळून धरली की नेम बदलतो. ती दरवेळी एकाच जागी, सैल हातावर टेकवून धरणं हे वजनापेक्षा महत्त्वाचं.

वजन ठरवायची सोपी रीत

एका दिवसात निर्णय घेऊ नये. दोन-तीन आठवडे द्यावेत आणि खालील क्रमानं जावं.

1. रायफल काट्यावर तोला. मग ती दोरीवर किंवा बोटावर तोलून तिचा तोल कुठं येतो ते पाहा आणि तिथं बारीक पट्टी चिकटवा.

2. रायफल टेकवून दहा शॉट मारा. मग उभं राहून दहा मारा. टेकवून छरे एका जागी पडतात आणि उभं राहून विखुरतात, तर नळीला दोष नाही. टेकवूनही विखुरत असतील तर आधी छऱ्यांची जात बदलून पाहा, साईटचे आणि दस्त्याचे स्क्रू तपासा. वजन लावून हा दोष जाणार नाही.

3. वजन न लावता तीन दिवस पूर्ण 60 शॉट मारा. पहिले दहा आणि शेवटचे दहा वेगळे लिहा.

4. आता फक्त 50 ग्रॅम लावा, तेही नळीच्या मुळाकडं. पुन्हा तीन दिवस 60 शॉट. मग तेच वजन मधोमध, मग टोकाकडं. एका वेळी एकच बदल करावा. वजन, दस्ता आणि बूट एकदम बदलले तर कशानं काय झालं ते कळत नाही.

5. वजन बदललं की साईट पुन्हा जुळवा. पॉइंट टू टू रायफलीत तर नळीच्या टोकावरचं वजन थोडं सरकलं तरी तिची थरथर बदलते आणि गोळी पडायची जागा सरकू शकते.

6. निवाडा शेवटच्या दहा शॉटवर करा. पहिल्या दहात भारी आणि शेवटच्या दहात ढिली अशी जोडणी सामन्यात उपयोगाची नाही. दोन जोडण्यांचे गुण सारखे आले तर हलकी ठेवा.

खर्च करण्याआधी

कंपनीची वजनं महाग पडतात म्हणून काही जण लेथवाल्याकडून पोलादी किंवा पितळी कडी करून घेतात. त्यात गैर काही नाही. पण कडी आतून गुळगुळीत हवी, नळीला ओरखडा पडता कामा नये, स्क्रू घट्ट बसला पाहिजे आणि बाहेरचं माप 30 मिलिमीटरच्या नियमात हवं. कडी सैल राहिली तर प्रत्येक शॉटला सरकते आणि गुण का जातात तेच कळत नाही. नळीला भोक पाडणं, नळी कापणं किंवा घासणं हे मात्र कुणी कितीही सांगितलं तरी करू नये.

नवी परदेशी मॅच रायफल लाखांत जाते. तेवढे पैसे घालायच्या आधी ज्या मुलासाठी ती घ्यायची, त्याला ती प्रत्यक्ष उभ्या पोझिशनमध्ये धरू द्यावी, जमल्यास पूर्ण 60 शॉट मारू द्यावेत. दुकानात दोन मिनिटं धरून कोणतीही रायफल चांगलीच वाटते. तासाभरानंतर खांदा काय सांगतो ते ऐकावं. पॉइंट टू टू रायफल ही परवान्याची वस्तू आहे, त्यामुळं तिचा विचार एअर रायफलवर हात बसल्यानंतर, क्लब आणि प्रशिक्षकांच्या सल्ल्यानं करावा.

आणि पैसे थोडेच असतील तर ते आधी चांगल्या छऱ्यांवर, अंगाला बसणाऱ्या शूटिंग जॅकेटवर आणि प्रशिक्षकाच्या फीवर खर्च करावेत. पन्नास ग्रॅमच्या कडीची पाळी त्यानंतर येते. ती कडी कुठं बसवायची, हे तोवर मुलीच्या वहीतले शेवटचे दहा शॉटच सांगतील.